खाल्ल्या मिठाला जागणारं यंत्र

उचगावात नळाला पाणी येतं त्या दिवशी साबण एक वागतो आणि बोअरच्या पाण्यावर अंघोळ असते त्या दिवशी दुसरंच. नळाचं पाणी नदीचं. सह्याद्रीवर पडून ओढ्यानाल्यांनी धावत आलेलं, खडकाशी फार वेळ न रेंगाळलेलं. बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुक्कामाला असलेलं. डोळ्यांना दोन्ही सारखीच नितळ दिसतात. फरक कळतो तो केसांना, गिझरच्या कॉइलला, तुरीच्या डाळीला आणि ज्याच्या घरी वॉटर सॉफ्टनर आहे त्याच्या मिठाच्या पोत्याला.

कोल्हापूरला चिकटलेलं हे गाव आता गाव म्हणण्याजोगं उरलेलं नाही आणि शहरात त्याची गणती होत नाही. एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, शेजारून पुणे-बंगळूर महामार्ग, पलीकडे हुपरीचा रस्ता. मध्ये जिथं ऊस होता तिथं प्लॉट पडले आणि कॉलन्या उभ्या राहिल्या. कोल्हापूरची महानगरपालिका १९७२ साली झाली, पण हद्द जुनीच राहिली. हद्दवाढीचा विषय निघाला की उचगावचं नाव यादीत येतं आणि गावाचा विरोधही लगेच येतो. त्या भांडणात इथं शिरायचं कारण नाही; पाण्यापुरतं बोलतो. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं पाणी आणायचं कोल्हापूरकरांचं जुनं स्वप्न २०२३ च्या दिवाळीत पुरं झालं आणि त्या पाण्यानं अभ्यंगस्नान झाल्याच्या बातम्या झळकल्या. हद्दीबाहेरच्या उचगावला मात्र गांधीनगर आणि भोवतालच्या गावांची मिळून असलेली प्रादेशिक नळपाणी योजना, आणि ती कमी पडेल तिथं बोअर. नव्या कॉलनीत पायाच्या आधी बोअर मारतात. बांधकामालाच पाणी लागतं.

त्या बोअरमधून काय येतं हे घर बांधताना कुणी विचारत नाही. ते पहिल्या-दुसऱ्या वर्षात समजतं. नव्या कोऱ्या नळाच्या तोंडाशी पांढरी कड धरते, शॉवरच्या जाळीची निम्मी भोकं बुजतात, कुकरच्या आत साय धरते, गिझर कुरकुरायला लागतो. मग कुणीतरी सांगतं, सॉफ्टनर बसवा. जिन्याखाली फायबरचं उभं पिंप येतं, त्याच्या डोक्यावर व्हॉल्व्ह, शेजारी मिठाच्या पाण्याची टाकी. वर्षभर कौतुक होतं. पुढे सात-आठ वर्षांनी घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं की मशीन गेलं.

या ‘गेलेल्या’ मशीनांमागं फिरणाऱ्या एका मिस्त्रीबरोबर मी पावसाळा संपता संपता उचगाव, सरनोबतवाडीच्या कॉलन्यांतून हिंडलो. दसरा ते दिवाळी हा त्याचा सुगीचा हंगाम. घरात पाहुणे येणार, उटणं लावून पहाटे सगळ्यांच्या अंघोळी एका पाठोपाठ होणार, गिझर बंद होणार नाही. त्याच सुमाराला लोकांना सॉफ्टनर आठवतो. नाव छापू नका म्हणाला. छापलं तर लोक रात्री फोन करतात. तो शिकला इचलकरंजीत, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरवर. बॉयलरला जड पाणी दिलं तर नळ्यांत क्षाराचा थर बसतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि नळी तापून फुगते, म्हणून तिथं सॉफ्टनरकडं रोज लक्ष असतं. रोज तपासणी, रोज वहीत नोंद. घरोघरी तेच यंत्र येतं, फक्त वही येत नाही.

“मशीन मेलेलं नसतंय सर, उपाशी असतंय,” तो म्हणाला. “धा मशिनी बघिटल्या तर रेझिन खरंच गेलेलं एखाद्या ठिकाणी. बाकीच्यांनी मीठच दिलेलं नसतंय. नाहीतर दिलेलं मीठ आत जातच नसतंय.”

हे समजायचं तर पिंपाच्या आत काय आहे ते बघावं लागतं. आत राजगिऱ्याएवढे पिवळसर मणी असतात, तेच रेझिन: पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे, डायव्हिनाइलबेंझीननं आतून जखडलेले. त्या प्रत्येक मण्यावर ऋणभार असलेल्या असंख्य जागा असतात आणि प्रत्येक जागेवर सोडियमचा आयन बसलेला असतो. जड पाणी वरून आलं की त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्याला जास्त जोरानं धरतात, सोडियमला उठवून स्वतः बसतात. पाण्यात सोडियम जातो, कॅल्शियम मण्यावर राहतो. सगळ्या जागा भरल्या की मणी थकले. मग त्यांच्यावरून मिठाचं कडक पाणी सोडायचं. आता सोडियमची गर्दीच एवढी असते की कॅल्शियमला उठावं लागतं. तो गटारात जातो आणि मणी पुन्हा पहिल्यासारखे होतात. हेच रिजनरेशन. यात मणी झिजून जात नाहीत, खर्च होतं ते मीठ.

बोअरमध्ये कॅल्शियम येतो कुठून? आपल्या पायाखालचा खडक बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही भरपूर. पावसाचं पाणी मातीतून खाली जाताना मुळांनी आणि जंतूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषतं, किंचित आंबट होतं, आणि तो आंबटपणा खडक विरघळवत राहतो. काळ्या रानात नांगरताना चुनखडीचे पांढरे खडे निघतात, तेही याच कारभाराचे. तेच विरघळलेलं द्रव्य गिझरमध्ये तापलं की बायकार्बोनेट मोडतं आणि चुना कॉइलवर बसतो. डाळ शिजत नाही तीही त्याच्यामुळं. कॅल्शियम डाळीच्या पेशींना सांधणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतो. आमच्याकडच्या आयाबाया चिमूटभर सोडा टाकून वेळ मारून नेतात, ते उगाच नव्हे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठिणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी, असं धरलंय. म्हणजे जड पाणी विष नाही. त्रास होतो तो भांड्यांना, यंत्रांना, कपड्यांना आणि साबणाच्या खर्चाला. हे आधी नीट डोक्यात ठेवलं तर सॉफ्टनर कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हा घोळ होत नाही.

आता हिशोब. मिस्त्री तो प्रत्येक घरात करतो, वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. पंचवीस लिटर रेझिन धरू. पुरेसं मीठ दिलं, म्हणजे लिटरमागे दीडशे-एकशेसाठ ग्रॅम, तर एक लिटर रेझिन सुमारे पन्नास ग्रॅम कठिणता उचलतं. पंचवीस लिटर म्हणजे साडेबाराशे ग्रॅम. पाण्याची कठिणता ४५० धरली तर हजार लिटरमध्ये साडेचारशे ग्रॅम. भागाकार केला की पावणेतीन हजार लिटर येतात. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी माप लावलं तर पाच माणसांच्या घराला हे पाणी चार दिवस पुरतं.

चार दिवस. आणि आम्ही गेलो होतो त्या एका बंगल्यात रिजनरेशन व्हायचं दर रविवारी.

“गुरुवारपासनं शनिवारपर्यंत तुम्ही बोअरच्याच पाण्यानं अंघोळ करताय काकू,” तो घरच्या बाईंना म्हणाला. “मशीनीचा काय दोष न्हाई यात.” बाईंनी एवढ्यावर सोडलं नाही, आठ वर्षं रविवारीच करतोय, तेव्हा बरं चालत होतं, असं त्यांचं म्हणणं. तेही खरं निघालं. तेव्हा घरात तीन माणसं होती, मुलाचं लग्न व्हायचं होतं. शिवाय उन्हाळ्यात बोअर खोल जाते, वरचं ताजं पाणी संपतं आणि खालचं अधिक मुरलेलं पाणी वर येतं. मे महिन्याची कठिणता ऑक्टोबरशी जुळेलच असं नाही. यंत्रावर एकदा लावलेला आकडा आयुष्यभर चालत नाही. मला वाटतं, सॉफ्टनरच्या निम्म्या तक्रारी या एका भागाकारात मिटतील.

उरलेल्या निम्म्या यंत्राच्याच असतात. त्यांत पहिली जागा मिठाच्या टाकीची. वरून बघितलं तर टाकी अर्धी भरलेली दिसते, घरचा माणूस निर्धास्त असतो. मिस्त्री हातातली काठी खाली दाबतो आणि काठी खड्‌कन अडते. पावसाळी दमटपणानं मिठाचा कडक थर धरलेला असतो आणि त्याच्याखाली पोकळी. पाणी येतं, मीठ न घेता जातं. बारीक दळलेल्या मिठाचं हे हमखास होतं. स्वयंपाकाचं मीठ स्वस्त पडतं म्हणून टाकीत ओतणाऱ्यांची सर्वांत आधी अशी फसगत होते. उलट मिठागराचं न धुतलेलं जाडं मीठ घेतलं तर तळाला माती बसते आणि ती पुढं जाऊन बारीक भोकं बुजवते. धुतलेलं जाडं मीठ किंवा मिठाच्या वड्या बऱ्या, आणि वर्षातून एकदा टाकी रिकामी करून घासायची. मीठ विरघळायला वेळ लागतो हेही लोक विसरतात. एक लिटर मिठाच्या कडक पाण्यात जास्तीत जास्त तीनशे ग्रॅमच्या थोडं वर मीठ मावतं. म्हणजे चार किलो मिठासाठी बारा-तेरा लिटर कडक पाणी तयार हवं. आत्ता मीठ टाकलं, ढवळलं आणि लगेच व्हॉल्व्ह फिरवला, असं केलं की निम्मं मीठ टाकीतच राहतं.

मग ते पाणी पिंपात ओढलं जायला हवं, आणि उचगावच्या बंगल्यांत घोळ होतो तो बहुधा इथंच. व्हॉल्व्हमध्ये बोटाच्या पेराएवढा एक इंजेक्टर असतो. त्यातून पाणी जोरात गेलं की शेजारी दाब कमी होतो आणि मिठाचं पाणी ओढलं जातं. ओढता ओढता ते पातळ होऊन साधारण दहा टक्क्यांचं होतं, तेवढंच रेझिनला हवं असतं. पण ओढायला मुळात जोर पाहिजे. बहुतेक घरगुती व्हॉल्व्हना दीड-दोन बार दाब लागतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जेमतेम एक बार. दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी, खाली जिन्याशी सॉफ्टनर, मध्ये सात मीटर: दाब पाऊण बारही नाही. नवं असताना बोअरच्या मोटरवर जोडलेला सॉफ्टनर मधल्या काळात कुणा प्लंबरनं ‘सोयीसाठी’ गच्चीच्या टाकीवर जोडलेला असतो, आणि त्या दिवसापासून मिठाची टाकी जशीच्या तशी भरलेली राहते. घरचे खूश, मीठ वाचतंय म्हणून.

मिस्त्रीची तपासणी सोपी आहे. मिठाच्या टाकीतल्या पाण्यावर पेनानं खूण करायची, व्हॉल्व्ह मिठाच्या खुणेवर आणायचा, पंधरा मिनिटं थांबायचं. पाणी खाली गेलं तर ओढ आहे. तिथंच राहिलं तर दाब बघायचा, इंजेक्टर आणि त्याची जाळी काढून धुवायची, गटाराकडं जाणारा पाइप कुठं चेपलाय का बघायचा. पाणी वर आलं तर गॅस्केट गेलंय. आणि भुर्रकन पाच मिनिटांत टाकी रिकामी झाली तर तेही वाईटच, मिठाच्या पाण्याला मण्यांशी वीस-तीस मिनिटं तरी सोबत हवी. इंजेक्टर सुईनं कोरू नये, भोक मोठं होतं. टूथब्रश आणि कोमट पाणी पुरतं.

हातानं फिरवायच्या व्हॉल्व्हचं दुखणं वेगळं. बॅकवॉश, मीठ, धुवण, सर्व्हिस अशा खुणांवर दांडा फिरतो. पंप चालू असतानाच जोर लावून फिरवला की आतलं रबराचं गॅस्केट चिरतं, आणि मग सर्व्हिसवर असतानाही गटारात धार चालू राहते किंवा जड पाणी चांगल्या पाण्यात मिसळतं. पाणी बंद करून, दाब उतरवून फिरवायचं, एवढंच पथ्य. गॅस्केटला सिलिकॉनचं ग्रीस लावतात. हाताशी आहे म्हणून गाडीचं ग्रीस लावलं की रबर फुगतं. आपोआप चालणाऱ्या व्हॉल्व्हला हे दुखणं नाही, पण त्याचं घड्याळ वीज गेली की काही मॉडेलांत मागं पडतं. मध्यरात्री दोनला व्हायचं रिजनरेशन सकाळी सातला होतं आणि नेमकं अंघोळीच्या वेळी नळाला खारट पाणी येतं. लोक म्हणतात मशीन बिघडलं. घड्याळ लावलं की बरं होतं. खारट पाणी रोजच येत असेल तर मात्र धुवण कमी पडतंय किंवा गटाराचा पाइप बुजलाय.

बॅकवॉश हा रिजनरेशनचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत टाळला जाणारा भाग. पाणी खालून वर सोडून मणी सैल करायचे, अडकलेली माती वर काढायची. तो टाळला की थर दाबून बसतो, पाणी त्यातून एकच वाट शोधतं आणि तेवढ्याच मण्यांना शिवून बाहेर पडतं. पिंपात पंचवीस लिटर रेझिन, काम करतंय पाच लिटर. बोअरला लोखंड असेल तर आणखी वाईट. पाणी उपसताना नितळ, हवा लागली की तांबूस. ते लोखंड मण्यांवर गंजासारखं बसतं आणि मिठानं निघत नाही. त्याला लिंबूसत्त्वाच्या किंवा सोडियम हायड्रोसल्फाइटच्या पाण्यात भिजवावं लागतं, आणि ते काम जाणत्या माणसाकडून, खिडक्या उघड्या ठेवून करून घ्यावं.

रेझिन खरंच गेलं की नाही, हे ओळखायची मिस्त्रीची रीत मला सगळ्यांत आवडली. पिंपाचं डोकं काढून वरचे मूठभर मणी बशीत घेतो, पाण्यानं धुतो, आणि चिमटीत एक मणी दाबतो. टणक असेल तर ठीक. मऊ होऊन चिरडला तर क्लोरीननं खाल्लाय. ग्रामपंचायतीचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी एकाच हौदात सोडणाऱ्या घरांत हे दिसतं. नळाच्या पाण्यात क्लोरीनसाठी टीसीएल पावडर असते, शिवाय हौद धुताना घरचेही सढळ हातानं टाकतात. क्लोरीन मण्याच्या आतली जखडण तोडतो, मणी पाणी पिऊन फुगतो. नळाला मणीच यायला लागले तर रेझिनवर राग काढू नये. तळाची जाळी फुटली आहे. चांगलं वागवलेलं रेझिन दहा वर्षं सहज जातं. गेलंच तर पिंप तेच ठेवून फक्त रेझिन बदलता येतं, हे नवं मशीन विकायला आलेला माणूस सहसा सांगत नाही.

नवं मशीन विकायला आलेल्या त्या माणसाच्या हातात एक वस्तू असते. टीडीएस मीटर. तो पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो, सॉफ्टनरनंतरच्या पाण्यात बुडवतो, तोच आकडा येतो, आणि म्हणतो, बघा, मशीन काहीच काम करत नाही. ही शुद्ध दिशाभूल आहे, अज्ञानातून असो की हिशोबानं. टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळं मिळून. सॉफ्टनर काही काढून टाकत नाही, अदलाबदल करतो. वीस भार कॅल्शियम गेला की त्याच्या जागी तेवीस भार सोडियम येतो. उत्तम चाललेल्या सॉफ्टनरनंतरही आकडा जवळपास तोच राहतो. कठिणता मोजायची ती थेंबांच्या किटनं. पाण्यात एरिओक्रोम ब्लॅक टी टाकलं की जड पाणी लालसर जांभळं होतं, मग ईडीटीएचे थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं. मऊ पाणी पहिल्या थेंबालाच, किंवा आधीच, निळं. हे किट घरात असावं असं माझं ठाम मत आहे. ते नसेल तर बाटलीत पाणी, त्यात अंगाच्या साबणाचा कीस, आणि हलवायचं. शाम्पू किंवा डिटर्जंट नको, ते जड पाण्यातही फेसतात. पाणी मऊ करतं म्हणून विकतात त्या नळीवर बांधायच्या लोहचुंबकाची परीक्षाही याच किटवर घ्यावी. आधीचे थेंब मोजावेत, नंतरचे मोजावेत, आणि तेवढेच भरले तर विक्रेत्याला चहा पाजून निरोप द्यावा.

सोडियमचा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे. कठिणता ४५० असलेलं पाणी पूर्ण मऊ केलं की लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या वर सोडियम पडतो. दोन लिटर प्यायलं की चारशे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी दोन हजारांच्या आत राहा म्हणते, आणि आपण लोणचं, पापड, तांबडा-पांढरा रस्सा खाणारे लोक. रक्तदाबाचा माणूस घरात असेल तर स्वयंपाकघराची तोटी सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर ठेवावी किंवा पुढं आरओ असावा. आणि तुळशीला, बागेला तर मऊ पाणी अजिबात घालू नये.

का, ते कोल्हापूरच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शिरोळ तालुक्यात अति पाण्यानं आणि निचरा नसल्यानं हजारो एकर काळी जमीन क्षारपड झाली. मातीच्या बारीक कणांवरही रेझिनसारख्याच ऋणभाराच्या जागा असतात. तिथं कॅल्शियम असला की कण गोळा होऊन भुसभुशीत राहतात. सोडियम बसला की ते सुटे होतात, चिकट होतात, पाणी मुरत नाही, ऊस पिवळा पडतो. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचऱ्याची मोठी मोहीम केली. अशा चोपण रानात जिप्समही टाकतात. त्यातला कॅल्शियम सोडियमला उठवतो आणि सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. आपल्या जिन्याखाली चाललेलं तेच रसायन, उलट्या दिशेनं.

आणि गंमत म्हणजे या यंत्राचा जन्म मातीतच झाला. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे हे दोघे शेतीचे अभ्यासक खतातला अमोनिया पावसानं वाहून का जात नाही हे बघत होते. त्यांना दिसलं की माती अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाल्यावर जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी झिओलाइट जातीच्या कृत्रिम खनिजानं पाणी मऊ करून दाखवलं. झिओलाइट म्हणजे पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींतून निघणारे, जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आपले ते सुंदर स्फटिक ज्या कुळातले, ते कूळ. पाणी जड करणाऱ्या बेसॉल्टच्याच पोकळ्यांत पाणी मऊ करणाऱ्या खनिजांचे भाऊबंद वाढतात. १९३५ मध्ये ॲडम्स आणि होम्स या इंग्रज रसायनज्ञांनी कृत्रिम रेझिनही हेच करतं असं दाखवलं आणि १९४० च्या दशकात डी’अलेलिओ यांचं पॉलिस्टायरीनचं रेझिन आलं. आजचं घरगुती रेझिन त्याच वंशाचं. आपल्याकडं इंग्लंडच्या परम्युटिट कंपनीची शाखा म्हणून १९६४ मध्ये आयन एक्स्चेंज सुरू झाली, पुढं पुण्याची थरमॅक्सही रेझिन बनवू लागली. साखर कारखाने, डाईंग, सायझिंग असं करत हे रेझिन शेवटी कॉलनीतल्या जिन्याखाली पोचलं.

मीठ मात्र जातं कुठं? मघाच्या त्या घराचा हिशोब पुढं नेला तर दर चार दिवसांनी चार किलो, म्हणजे वर्षाला साडेतीनशे किलोच्या वर. एका घराचं. त्यातला काही सोडियम मण्यांवर बसतो, बाकीचं सगळं ड्रेनच्या पाइपातून बाहेर पडतं, सोबत खडकातून आलेला कॅल्शियमही घेऊन. कॉलनीत ड्रेनेज नसेल तर ते शोषखड्ड्यात. शोषखड्डा प्लॉटच्या कोपऱ्यात, आणि प्लॉट लहान असल्यामुळं बोअर त्याच्यापासून चार पावलांवर. दहा वर्षं मीठ त्या खड्ड्यात ओतायचं आणि दहा वर्षांनी बोअरचं पाणी मचूळ झालं म्हणून तक्रार करायची, असं चाललंय. गटारात सोडलं तर ओढ्यातून पंचगंगेला, आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळण्याआधी शिरोळच्याच रानांतून जाते. तिथल्या क्षाराला आपले सॉफ्टनर जबाबदार नाहीत, पण आपलं मीठही त्याच दिशेला जातं.

मीठ कमी करायचे मार्ग आहेत, आणि ते विकणाऱ्याच्या पत्रकात नसतात. रेझिनच्या लिटरला एकशेसाठऐवजी शंभर ग्रॅम मीठ दिलं तर उचल पन्नासावरून चाळिसाच्या आसपास येते. म्हणजे चार किलोत साडेबाराशे ग्रॅम कठिणता निघत होती, अडीच किलोत हजार निघते. रिजनरेशन थोडं लवकर करावं लागतं, पण एकूण मीठ पाचव्या हिश्श्यानं कमी लागतं. संडासाचा फ्लश, गाडी धुणं, अंगण, बाग यांना बोअरचं पाणी थेट द्यावं; न्हाणीघर, गिझर आणि वॉशिंग मशीनलाच मऊ. लाइन वेगळी करायचा खर्च एकदाच होतो. तिसरा मार्ग गच्चीवर आहे. कोल्हापूरच्या पट्ट्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हजार चौरस फुटांच्या गच्चीवर नव्वद हजार लिटरच्या घरात पाणी. त्याची कठिणता जवळपास शून्य. गाळून ते बोअरमध्ये सोडलं तर निदान काही महिने खालचं जड पाणी पातळ होतं.

त्या रविवारच्या रिजनरेशनवाल्या बंगल्यात मिस्त्रीनं मिठाची टाकी घासली, इंजेक्टर धुतला, दर चार दिवसांचं वेळापत्रक मिठाच्या टाकीच्या झाकणावर मार्करनं लिहून दिलं. नवं मशीन घ्यायला निघालेले काका पैसे वाचले म्हणून खुशीत होते. तेवढ्यात हा ड्रेनच्या पाइपामागं चालत कंपाउंडच्या कोपऱ्यापर्यंत गेला, शोषखड्ड्यावरची फरशी उचलून बघितली आणि बोअरच्या केसिंगपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. पाइप इथनं काढा, रस्त्याकडच्या गटाराला न्या, म्हणाला. रस्त्याकडं न्यायचा तर कोबा फोडावा लागणार, शेजाऱ्याच्या फाटकासमोरून जाणार, आणि शेजाऱ्याचं नि काकांचं पार्किंगवरून बोलणं बंद. दिवाळी झाल्यावर बघू, असं ठरलं.